‘असे म्हणतात’ ही साक्ष नव्हे

गेल्या कार्तिक महिन्यात एका देवस्थानच्या अग्रशाळेत आम्ही चार मंडळींबरोबर बसलो होतो. पालखी देवळात परतली होती, महाप्रसाद आटोपला होता, आणि बोलणे सहजच देवळांच्या दाव्यांकडे वळले. तेव्हा एक वयोवृद्ध महाजन, ज्यांच्याविषयी आमच्या मनात आदर आहे, आमच्याकडे वळून म्हणाले, “वकीलबाब, तुमचा कायदा परंपरेचा वैरी आहे. आमचा देव नदीपलीकडून कसा आणला, पालखीला पहिला खांदा कोणाचा, नारळ कोणाला, हे सारे आम्ही वाडवडिलांच्या तोंडून ऐकले. ते न्यायालयात सांगू गेलो की विरुद्ध बाजूचा वकील उठतो आणि ‘हे ऐकीव आहे’ असे म्हणतो. आमच्या वाडवडिलांना खोटे ठरविण्याचा अधिकार या कायद्याला दिला कोणी?”

बसलेल्या सर्वांनी माना डोलावल्या. आम्ही त्या वेळी उत्तर दिले नाही. देवाच्या दारात, पानावरून उठल्याउठल्या वडीलधाऱ्या माणसाशी वाद घालणे शोभत नाही. परंतु हा समज त्या एका गृहस्थांचा नाही. देवस्थानांच्या कामानिमित्त जेथे जेथे आमचे जाणे झाले, तेथे तेथे तो आम्ही ऐकला आहे. तेव्हा त्याचा समाचार घेणे आम्हाला आवश्यक वाटते.

आमचे मत त्या महाजनांच्या मताच्या अगदी उलट आहे. ऐकीव पुराव्याविरुद्धचा नियम हा परंपरेचा पहारेकरी आहे. वाडवडिलांच्या शब्दाचा अपमान होतो तो आमच्याच घरांत आणि आमच्याच देवळांच्या बैठकींत. वडील जिवंत असताना त्यांचा शब्द टिपून ठेवण्याचा आम्हाला आळस, आणि गावगप्पेवर एखाद्या गरीब माणसाची अब्रू घेण्याची मात्र आम्हाला घाई! हे दोन्ही दोष एकाच मुळातून निघतात. ‘असे म्हणतात’ हे शब्द कानी पडले असता ‘कोण म्हणतो?’ असे विचारण्याची सवय आम्ही सोडून दिली आहे.

प्रथम नियम काय आहे तो पाहू. सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तयार केलेला भारतीय पुराव्याचा कायदा १८७२ साली अमलात आला. गोमंतकात तो १९६१ साली पोर्तुगीज अंमल संपल्यानंतर लागू झाला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली आहे. कलमांचे क्रमांक बदलले, पण या बाबतीतील तत्त्व बदललेले नाही. जुने साठावे कलम आता पंचावन्नावे झाले आहे, आणि त्याचा आशय असा: तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. गोष्ट डोळ्यांनी पाहण्याची असेल तर ‘मी पाहिली’ म्हणणारा माणूस साक्षीला यावा. कानांनी ऐकण्याची असेल तर ‘मी ऐकली’ म्हणणारा यावा. पालखी देवळातून निघाली हे ज्याने पाहिले त्याने सांगावे. चौघडा वाजला हे ज्याने ऐकले त्याने सांगावे. ‘पालखी निघाली असे मला शेजाऱ्याने सांगितले’ हा शेजाऱ्याच्या बोलण्याचा पुरावा झाला, पालखीचा नव्हे.

या भेदाचे एक उदाहरण कायद्याच्या अभ्यासकांस परिचित आहे. मलायात सुब्रमण्यम नावाच्या एका आरोपीजवळ दारूगोळा सापडला. ‘दहशतवाद्यांनी मला पकडले, अमुक अमुक धमकी दिली, आणि त्या भयाने मी वागलो,’ असे त्याचे म्हणणे होते. खालच्या न्यायालयाने त्या धमकीचे शब्द ऐकीव म्हणून ऐकून घेण्याचे नाकारले. १९५६ साली प्रिव्ही कौन्सिलने हा निर्णय चुकीचा ठरविला. धमकीतील मजकूर खरा होता की नाही हा तेथे प्रश्नच नव्हता. धमकी दिली गेली की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि ती स्वतःच्या कानांनी ऐकणारा माणूस समोर उभा होता. म्हणजे दुसऱ्याचा प्रत्येक शब्द कायदा फेकून देतो हे खरे नाही. त्या शब्दांतील मजकूर खरा आहे असे सिद्ध करण्यासाठी ते शब्द पुढे केले, म्हणजेच तो अडवितो.

आणि का अडवितो? कारण बोलणारा तेथे हजर नसतो. त्याने शपथ घेतलेली नसते. त्याला उलटतपासणीत कोणी विचारू शकत नाही, की बाबा रे, तू कोठे उभा होतास, उजेड किती होता, तुझे त्या माणसाशी वैर होते का? न्यायाधीशास त्याची चर्या दिसत नाही. आलेला साक्षीदार कितीही प्रामाणिक असला तरी तो एका न आलेल्या माणसाची सावली घेऊन आलेला असतो, आणि सावलीची उलटतपासणी होत नाही.

हे प्रश्न विचारता आले नाहीत म्हणजे काय होते, हे इंग्लंडने १६०३ साली पाहिले. सर वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला विंचेस्टर येथे चालला. मुख्य पुरावा होता लॉर्ड कोबॅम यांच्या जबानीचा. कोबॅम त्याच सरकारच्या कैदेत जिवंत होते. ‘त्यांना माझ्यासमोर उभे करा, त्यांनी माझ्या तोंडावर आरोप करावा,’ अशी मागणी रॅले पुन्हा पुन्हा करीत राहिले. ती मान्य झाली नाही. उलट एक नावाडी साक्षीस आणला गेला. त्याची साक्ष काय? तर लिस्बन शहरी एका व्यापाऱ्याच्या घरी एक पोर्तुगीज गृहस्थ आपणास म्हणाला की इंग्लंडच्या राजाला मुकुट चढणारच नाही. रॅले आणि कोबॅम त्यापूर्वीच त्याचा गळा कापतील! तो पोर्तुगीज गृहस्थ कोण, त्यास हे कोणी सांगितले, याचा थांग नाही. रॅले दोषी ठरले, आणि त्याच शिक्षेच्या आधारे १६१८ साली त्यांचा शिरच्छेद झाला. लिस्बनच्या दिवाणखान्यातील एका निनावी ‘असे म्हणतात’ला विंचेस्टरच्या न्यायासनापुढे साक्ष म्हणून मान मिळाला, ही गोष्ट आमच्या गोमंतकीय वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी.

येथे कोणी म्हणेल, हा साहेबाचा इतिहास झाला आणि हा नियमही साहेबाचाच. आमच्या शास्त्रांत शब्द हे प्रमाण मानले आहे. हा आक्षेप आम्ही मोठ्या विद्वानांच्या तोंडूनही ऐकला आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत शब्दास प्रमाणांत स्थान आहे खरे. परंतु कोणाचा शब्द? आप्ताचा. आणि भाष्यकार वात्स्यायन आप्त कोणास म्हणतात? ज्याने ती वस्तू स्वतः साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, त्यास. स्वतः जाणणे आणि जाणले तसे सांगणे या दोन कसोट्यांस जो उतरला नाही, त्याचा शब्द आमच्या नैयायिकांनीही प्रमाण मानला नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्ष कशाने होते हे सांगताना समक्ष पाहणे आणि ऐकणे यांचाच उल्लेख आहे.

नारदस्मृती तर याहून पुढे जाते. साक्षीदारांचे प्रकार सांगताना नारद ‘उत्तरसाक्षी’ नावाचा एक प्रकार सांगतो. मूळ साक्षीदार परदेशी चालला आहे किंवा मरणाच्या दारी आहे. अशा वेळी त्याच्या तोंडून ज्याने ते ऐकून ठेवले, तो उत्तरसाक्षी. म्हणजे दुसऱ्याचे ऐकून सांगणाऱ्यास आमच्या स्मृतिकारांनी एका दाराने आत घेतले. पण ते दार गरजेचे होते, आळसाचे नव्हते. मूळ माणूस येऊच शकत नाही म्हणून त्याच्या जागी दुसरा.

मराठेशाहीतील महजर पाहावा. वतनाचा किंवा मानपानाचा तंटा गोतापुढे आला की कोण कोण हजर होते त्यांची नावे लिहिली जात. साक्ष दिव्य शपथेवर होई. पाटील आपली नांगराची निशाणी करी. नाव, निशाणी, शपथ. ‘असे म्हणतात’ म्हणणाऱ्यास तेथे निशाणी करावी लागे. आजच्या आमच्या कमिटीच्या इतिवृत्तांत मात्र ‘चर्चेअंती असे समजले की’ एवढे चार शब्द असतात. कोणाला समजले? कोणाकडून? निशाणी कोणाची?

आता त्या वृद्ध महाजनांच्या मूळ तक्रारीकडे येऊ. कायदा वाडवडिलांचा शब्द फेकून देतो काय? नाही. नारदाने जे दार उघडे ठेवले, तेच १८७२ च्या कायद्याने बत्तिसाव्या कलमात उघडे ठेवले, आणि आज ते सव्विसाव्या कलमात तसेच उघडे आहे. जो माणूस मृत झाला, सापडत नाही, किंवा साक्ष देण्यास असमर्थ झाला, त्याचे लेखी किंवा तोंडी कथन काही ठरावीक बाबतींत पुरावा म्हणून घेता येते. मृत्युपूर्व जबानी सर्वांस ठाऊक आहे. पाकला नारायण स्वामी यांच्या खटल्यात मृत मनुष्याने घरून निघताना आपल्या पत्नीस ‘मी पैसे वसूल करण्यास बेरहामपूरला जातो आहे’ असे सांगितले होते. पुढे त्याचे शव पुरी येथे रेल्वेगाडीत एका पेटीत सापडले. १९३९ साली प्रिव्ही कौन्सिलने पत्नीला सांगितलेले ते शब्द ग्राह्य धरले. मेलेल्या माणसाचा शब्द कायदा ऐकतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

परंतु देवळांच्या मंडळींसाठी त्या कलमातील पुढचे खंड अधिक मोलाचे आहेत. सार्वजनिक किंवा सामान्य हक्क अथवा रूढी यांविषयी, ज्यास त्याची माहिती असणे संभवनीय होते अशा मृत माणसाने व्यक्त केलेले मत ग्राह्य आहे. रक्त, विवाह किंवा दत्तविधान यांच्या नात्याविषयी, ज्यास विशेष माहिती होती अशा मृताचे कथन ग्राह्य आहे. घराण्याची वंशावळ ग्राह्य आहे. जुन्या अठ्ठेचाळिसाव्या, म्हणजे आजच्या बेचाळिसाव्या कलमाने, सामान्य रूढीविषयी ती जाणण्याचा संभव असलेल्या जिवंत माणसाचे मतही घेता येते. आणि जुने एकोणपन्नासावे, आजचे त्रेचाळिसावे कलम तर जणू आमच्या महाजनकीसाठीच लिहिले आहे: एखाद्या समाजाचे किंवा कुटुंबाचे आचार, आणि धार्मिक किंवा धर्मादाय संस्थेची घटना व कारभार, यांविषयी विशेष माहिती असणाऱ्याचे मत न्यायालय ऐकते. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ठिकाणाहून निघाला तर त्यावरील सही-अक्षराविषयी न्यायालय अनुकूल गृहीत धरू शकते. इतकी दारे उघडी असता ‘कायद्याने आम्हाला बाहेर ठेवले’ असे म्हणणे म्हणजे दाराशी येण्याचे कष्ट न घेता घरात बसून दाराला दोष देणे होय.

मात्र यांतील रूढीच्या आणि नात्याच्या दारांवर एक अट कोरलेली आहे, आणि आमची मंडळी नेमकी त्या अटीवर अडखळतात. मृत माणसाचे ते कथन तंटा उत्पन्न होण्यापूर्वीचे असले पाहिजे. का? कारण तंटा उभा राहिला की प्रत्येकाची स्मृती आपल्या पक्षाकडे कलते. हे लबाडीने होते असे नाही. चांगल्या माणसाचेही होते. तंट्यापूर्वी आजोबा जे बोलले, ते कोणासाठी बोलले नाहीत. म्हणूनच त्यांच्या त्या शब्दाला किंमत आहे.

ही अट आम्हाला पुस्तकातून कळली होती; तिचा अर्थ मात्र कळला तो अनुभवाने. एका गावच्या देवस्थानात दोन वांगडांमध्ये पालखीच्या मानावरून दावा उभा राहिला. त्या गावात नव्वदीला टेकलेले एक गृहस्थ होते. त्यांना त्या मानाचा सगळा क्रम, तो कधी व का बदलला त्याच्या हकिकतीसह, मुखोद्गत होता. सुनावणी त्यांच्या साक्षीपर्यंत येण्याच्या आधी एका पावसाळ्यात ते वारले. त्यांचा मुलगा पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, “बाबांनी मला सर्व सांगितले आहे.” विरुद्ध बाजूच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला: “केव्हा सांगितले?” मुलगा सरळ मनाचा होता. तो म्हणाला, “दावा लागल्यावर मी त्यांना मुद्दाम विचारून घेतले.” त्याच क्षणी त्या साक्षीतला प्राण गेला. साठ वर्षे बापलेक एका छपराखाली राहिले, आणि मुलाने विचारले ते दाव्याची नोटीस आल्यावर!

परंतु त्या मुलास हसण्याचा अधिकार आम्हाला नाही. कारण त्या दाव्याच्या सुमारे दहा वर्षे आधी, दुसऱ्याच कामासाठी त्या गावी गेलो असता, आम्ही त्या गृहस्थांच्या सोप्यावर एक अख्खी दुपार बसलो होतो. त्यांनी आपण होऊन तो सारा क्रम आम्हाला सांगितला होता. तंटा तेव्हा स्वप्नातही नव्हता. म्हणजे कायद्याला जसा हवा तसा पुरावा आमच्या कानांत होता. हे ध्यानी येताच त्या दाव्यातील आमचे वकीलपत्र आम्ही सोडले. जो साक्षीदार होणार त्याने वकील राहू नये हा आमच्या धंद्याचा नियम आहे. आम्ही पिंजऱ्यात उभे राहिलो. शपथ घेतली. आणि मग उलटतपासणी सुरू झाली. पहिला खांदा दसऱ्याच्या पालखीस की जत्रेच्या? क्रम बदलला तो सांगणाऱ्याच्या हयातीत की त्यांच्या वडिलांच्या? ‘मान’ हा शब्द त्यांनी वापरला की ‘वहिवाट’? आम्हाला आठवत होता तो त्या दुपारचा चहा, अंगणातील पोफळी, आणि एक ढोबळ कथा. आमच्या वहीत त्या दिवशीच्या कामाचा हिशेब होता. त्या गृहस्थांचा एकही शब्द नव्हता. ‘आठवत नाही’ हे उत्तर आम्ही एका दुपारी नऊ वेळा दिले.

त्या दिवशी कायद्याने त्या वृद्धाचा शब्द फेकून दिला नाही. कायद्याने दार उघडून आम्हाला आत बोलावले होते. आम्हीच रिकाम्या हातांनी आत गेलो.

ही झाली आळसाची गोष्ट. आता घाईची ऐकावी.

दुसऱ्या एका देवस्थानात नवरात्रानंतर कोठीतील चांदीची दोन नीरांजने मिळेनाशी झाली. कोठी सांभाळणारा सेवेकरी अठरा वर्षे तेथे होता. महाजनांची बैठक भरली. एक म्हणाले, त्याला शहरात एका सराफाच्या दुकानी पाहिले. “आपण पाहिले?” “नाही, अशें म्हणटात.” आम्ही त्या बैठकीस हजर होतो. आम्ही विचारले, “कोण म्हणटा?” तेव्हा एकाने दुसऱ्याचे नाव घेतले, दुसऱ्याने तिसऱ्याचे, आणि तिसऱ्याने सांगितले की आपण हे पहिल्याच गृहस्थांच्या घरी ऐकले! वर्तुळ पुरे झाले; सराफाच्या दुकानात त्याला पाहणारा डोळा त्या वर्तुळात कोठेच नव्हता. आम्ही हे दाखवू लागलो, तेव्हा एक वजनदार गृहस्थ किंचित हसून म्हणाले, “वकीलबाब, हें कोर्ट न्हय.” ठराव झाला. ‘गावात बभ्रा झाला असल्यामुळे’ सेवेकऱ्यास दूर करण्यात आले. त्याला बैठकीत बोलाविलेही नव्हते.

ती नीरांजने आजतागायत सापडलेली नाहीत. तो सेवेकरी निर्दोष होता असे आम्ही म्हणत नाही. कारण तसे म्हणण्यास आमच्याजवळही पुरावा नाही. दुःख नेमके हेच आहे. त्या दिवशी चौकशी झाली असती, सराफाला विचारले असते, किल्ल्या कोणाकोणाकडे होत्या हे पाहिले असते, तर तो चोर आहे की नाही हे कळण्याचा संभव होता. आता ते कोणालाही कधीच कळणार नाही. चोर असेल तर तो शिक्षेवाचून सुटला, नसेल तर अठरा वर्षांची सेवा मातीत गेली. आणि खरा चोर दुसराच असेल तर तो कदाचित आजही देवळात येऊन तीर्थ घेत असेल. बभ्रा झाला होता हे निर्विवाद खरे होते. पण बभ्रा झाला हे खरे असणे आणि चोरी केली हे खरे असणे यांतील अंतर सुब्रमण्यमच्या खटल्याने दाखविले आहे, आणि ते समजण्यास कायद्याची पदवी लागत नाही.

‘हे कोर्ट नव्हे’ या आक्षेपाला थोडा कायद्याचा आधारही आहे, तो आम्ही लपवीत नाही. हरियाणातील एका बस कंडक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली असे म्हटले, की खातेअंतर्गत चौकशीला पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम लागू होत नाहीत. संबंध आणि विश्वसनीयता असेल तर ऐकीव गोष्टही तेथे सर्वस्वी वर्ज्य नाही. हा निकाल आम्हाला त्या बैठकीनंतर एका हुशार तरुण महाजनाने दाखविलाही. परंतु त्या निकालात काय होते ते पाहावे. बस तपासणारा निरीक्षक स्वतः चौकशीत हजर होता. प्रवाशांनी काय सांगितले हे त्याने प्रत्यक्ष ऐकले होते. आणि अशा पुराव्याचे मूल्यमापन करताना सावध राहावे, असा इशाराही न्यायालयाने त्यासोबत दिला. न्यायालयाने काटेकोरपणा सैल केला. माणसाचे म्हणणे ऐकण्याची जबाबदारी सैल केली नाही. आमच्या बैठकीत निरीक्षक नव्हता, प्रवासी नव्हता आणि कंडक्टरही नव्हता. होती ती फक्त बस भरून गर्दी.

आणि हे कोठे घडावे? गोमंतकातील देवळात! १५६० साली गोव्यात स्थापन झालेल्या आणि १८१२ साली कायमच्या बंद झालेल्या इन्क्विझिशनच्या न्यायालयात आरोपीस त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्यांची नावे सांगत नसत. फ्रेंच वैद्य शार्ल देलाँ यांनी तेथील कैद भोगून १६८७ साली जो वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यात त्या पद्धतीचे वर्णन आहे: आरोप काय ते सांगायचे नाही, आरोप कोणी केला ते सांगायचे नाही, आणि आरोपीनेच आपला अपराध ओळखून कबूल करायचा. त्याच शतकांत आमच्या पूर्वजांनी आपले देव उचलले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. निनावी जिभेचे राज्य काय असते हे ज्यांच्या कुळांनी अनुभवले, त्यांनी त्याच देवांच्या चौकात बसून निनावी जिभेवर ठराव करावेत? आमच्या बैठकींत अग्निकुंड नाही, तुरुंग नाही, हे आम्ही जाणतो. तुलना शिक्षेची नाही, पद्धतीची आहे. आरोप करणाऱ्याचे नाव नाही आणि आरोपीस बोलू द्यायचे नाही, ही पद्धत तीच.

आता तर या जिभेला भ्रमणध्वनीचे पंख फुटले आहेत. पूर्वी ‘असे म्हणतात’ एका वाड्यावरून दुसऱ्या वाड्यावर जाण्यास दिवस लागे. आज एक निनावी निरोप दुपारच्या आरतीपूर्वी मुंबई, बडोदे, हैदराबाद येथील सर्व कुळाव्यांपर्यंत पोहोचतो, आणि शंभर जणांनी पुढे पाठविला म्हणून शंभर साक्षीदार झाले असे लोक समजतात. ज्याने पाहिले असा माणूस त्या शंभरांत एकही नसेल, तर शंभरांची बेरीज शून्यच.

आमचे म्हणणे थोडक्यात सांगतो. प्रत्येक देवस्थानच्या कमिटीने येत्या वर्षात आपल्या गावच्या वृद्ध स्त्रीपुरुषांकडे जावे. स्त्रिया हा शब्द आम्ही मुद्दाम लिहिला आहे. सोयरीक, दत्तक, सोवळे-ओवळे, कोणत्या घरचा नैवेद्य कोणत्या तिथीस, हे पुरुषांपेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते, आणि त्यांना कोणी विचारीत नाही. त्यांना जे ठाऊक आहे ते त्यांच्याच शब्दांत, मराठीत असो वा कोंकणीत, लिहून घ्यावे, तारीख घालावी, स्वतः पाहिलेले कोणते आणि कोणाकडून ऐकलेले कोणते हे वेगळे लिहावे, सही किंवा अंगठा घ्यावा, दोन्ही वांगडांची माणसे त्या वेळी हजर ठेवावीत. आवाज आणि चित्र भ्रमणध्वनीवर टिपून ठेवणे आज पोरासोरांनाही जमते. आणि हे तंटा नसताना करावे. तंटा उठल्यावर केलेले काम कागदाच्या किमतीचेही राहत नाही.

दुसरी गोष्ट, बैठकीत कोणाही सेवेकऱ्याविरुद्ध, भटजींविरुद्ध किंवा महाजनाविरुद्ध विषय निघाला, तर चिटणिसांनी इतिवृत्तात तीन नावे लिहिल्यावाचून पुढे जाऊ नये: सांगणारा कोण, त्याने स्वतः काय पाहिले, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याने काय उत्तर दिले. ज्याला आपले नाव लिहू देण्याची लाज वाटते, त्याने तोंड उघडू नये. यासाठी कायद्यात दुरुस्ती नको, वकील नको, पैसा नको. एक वही आणि थोडे धैर्य पुरे.

त्या अग्रशाळेतील वृद्ध महाजनांना आमचे उत्तर उशिरा पोहोचत आहे, त्याबद्दल क्षमा असावी. त्यांच्या वाडवडिलांना कायदा खोटे म्हणत नाही. तो एवढेच विचारतो, की ते काय म्हणाले, केव्हा म्हणाले आणि कोणापाशी म्हणाले. हे सांगता येणारी माणसे आज आमच्या घरांतून उठून जात आहेत. ते महाजन स्वतःही त्यांपैकीच एक आहेत. येत्या जत्रेच्या आधी वही घेऊन आम्ही त्यांच्या दारी जाणार आहोत, आणि या वेळी चहाबरोबर त्यांचे शब्दही घेऊन येऊ.